पालवाले

पाडव्याच्या पॉटलकला आमचं श्रीखंड जसं गेलं तसं परत आलं. झाकण उघडायचीही कुणी तसदी घेतली नाही. शेजारच्या ट्रेमधला मधे कच्चा राहिलेला ढोकळा मात्र लोकांनी चाटूनपुसून संपवला. वर मंडळाच्या खजिनदारांनी नव्या जोडप्याशी माझी ओळख करून दिली, "हे आपले पालवाले!" दरवर्षी गणपतीचं मखर मी उभं करतो, त्याचं कुणाला काही नाही.

तर आमच्या कन्येने लेपर्ड गेको, म्हणजे एका जातीची पाल, पाळलाय. डॅलसच्या एका प्रदर्शनातून आणला, रंग पिकल्या आंब्याचा, म्हणून नाव मँगो. मादी आहे. एवढ्यावर विषय संपला असता, पण एका रविवारी नाना चहाला आले.

नाना म्हणजे माझ्या मित्राचे वडील. साताऱ्याचे, बांधकाम खात्यातून निवृत्त, मुलाकडे इथे टेक्ससमध्ये फ्रिस्कोला आलेले. खात्याची सवय अशी, की समोर काहीही आलं तरी आधी इन्स्पेक्शन. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी काचेला नाक लावलं.

"अरे मिलिंद, ही वर का चढत नाही?"

"हिच्या पायांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात, नाना. ही जमिनीवरची. मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान, त्या बाजूची."

"म्हणजे पाल असून भिंत नाही." तेवढ्यात मँगोने डोळे मिटले. नाना दोन पावलं मागे. "डोळा मारला मला!"

"पापण्या असतात हिला. घरातल्या पालीला नसतात."

"किंमत?"

"दोनशे डॉलर."

नानांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि सोफ्यावर बसले. "सतरा हजार! अरे, आमच्या ट्यूबलाइटमागे लाखभराचा माल बसलाय, आणि तुझी काकू झाडू घेऊन धावते."

मी समजावायला गेलो. ही निवडून निवडून पैदास केलेली, ट्रेम्पर अल्बिनो. अल्बिनो म्हणजे अंगात काळा रंग नसलेली. अल्बिनोंचे तीन वाण, ट्रेम्पर, बेल आणि रेनवॉटर. दिसायला सारखेच, पण ट्रेम्पर आणि बेलची जोडी लावली तर पिल्लं साधी निपजतात, एकही अल्बिनो नाही. नानांचा चेहरा उजळला. "म्हणजे गोत्र बघतात! फक्त इथे सगोत्रच पाहिजे." मग अंडी साधारण २६ अंशांवर उबवली तर बहुतेक माद्या आणि ३२च्या आसपास बहुतेक नर, हे ऐकून ते गप्पच झाले. "बटण फिरवलं की मुलगी?" म्हणाले. हो म्हटलं, आणि मागणीही मादीलाच, कारण एका नराला चार-पाच माद्या पुरतात. "आम्हाला १९८८ साली कायदा करावा लागला," नाना म्हणाले, "मुली वाचाव्यात म्हणून."

हे एक वाक्य सोडलं तर बाकी सगळी त्यांनी चेष्टाच केली. खाणं काय? झुरळं. विकत? हो, दुबिया जातीची, खोक्यातून घरपोच येतात. त्यांना आधी गाजर खाऊ घालायचं, मग कॅल्शियमची पावडर लावून मँगोसमोर सोडायचं. "झुरळाला पावडर!" नाना म्हणाले. "माझे गुडघे बघ, मला कुणी विचारत नाही."

आणि इथेच काकूंनी मदतीच्या हौसेने दुधासाठी फ्रिज उघडला. मीलवर्म, म्हणजे मँगोच्या खाण्यातल्या अळ्या, थंडीत सुस्तावतात, जास्त दिवस टिकतात, म्हणून ते कोंड्यात घालून फ्रिजमध्ये ठेवतात. जगभर ठेवतात. आमच्याकडे ते श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात होते, कारण मराठी घरात श्रीखंडाचा डबा टाकून देत नाहीत. काकूंनी झाकण उघडलं, आत बोट घातलं असावं, कारण नुसतं बघून कुणी तसं किंचाळत नाही. संध्याकाळपर्यंत मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्ही अळ्यांचं श्रीखंड खातो असं ठरलं होतं.

मला राग कशाचा आहे सांगू? हसणाऱ्यांपैकी कुणीही हसण्यासारखं नसलेलं काही विचारलं नाही. त्याच प्रदर्शनात पलीकडच्या टेबलावर एनिग्मा वाणाचा एक गेको होता. नक्षी अप्रतिम, पण मान वाकडी, स्वतःभोवती गोल गोल फिरायचा, समोरच्या अळीवर झडप घालायचा आणि चुकायचा. हा दोष त्या नक्षीबरोबरच रक्तातून येतो. विकणारा म्हणाला, "जरा नाचतो, गोड आहे ना?" लेमन फ्रॉस्ट नावाचा पिवळाधमक वाण निघाला, त्याच्यासाठी लोकांनी भरमसाट पैसे मोजले, आणि मग त्यांच्या अंगावर गाठी यायला लागल्या. रंगाच्याच पेशींचा ट्यूमर. २०२१ मध्ये संशोधकांनी त्याचा माग एका जनुकापर्यंत काढला. तरी असली पिल्लं काढणारे काढतातच. जनावर पंधरा-वीस वर्षं जगतं, तेवढी वर्षं गिरक्या घेत काढायची, का, तर ठिपके छान दिसतात. याच्यावर ग्रुपवर एक इमोजी नाही. श्रीखंडावर एकशे चाळीस मेसेज!

नाना आता साताऱ्याला परतलेत. रोज सकाळी सुप्रभातच्या फुलांऐवजी मला भिंतीवरच्या पालीचा फोटो येतो, खाली प्रश्न: "ही कोणत्या वाणाची? किती येतील?" काल आलेल्या फोटोत शेपूट नव्हती. "झाडूचा प्रसाद. काकूला समजावलंय. डिस्काउंट किती द्यावा लागेल ते कळव."