मिनियापोलिसच्या शिल्पबागेतून नुसता चमचा बघून परत फिरू नका

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात कुणाकडेही भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आले की एक कार्यक्रम ठरलेला असतो. मिनियापोलिसला जायचं, तिथल्या शिल्पबागेतल्या भल्यामोठ्या चमच्याच्या शिल्पासमोर उभं राहून फोटो काढायचा, तो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा आणि पुढे मॉल ऑफ अमेरिका गाठायचा. फोटोला माझा अजिबात विरोध नाही, चमचा आहेच तसा देखणा. पण वॉकर आर्ट सेंटरची ही शिल्पबाग मला या शहरातली सगळ्यात जवळची जागा आहे आणि तिथून लोक दहा-पंधरा मिनिटांत गाडीकडे वळतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा लेखनप्रपंच. लांब आहे, पण सवडीने वाचा.

बाग १९८८ साली उघडली. साधारण ११ एकरांची जागा. जमीन शहराच्या पार्क बोर्डाची आणि शिल्पांची निवड वॉकरची, म्हणजे समकालीन कलेच्या म्युझियमची. तिकीट नाही. सकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंत कुणीही यावं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. म्युझियमच्या दारातून आत जायला बिचकणारी माणसं इथे बिनधास्त येतात. कुणी कुत्रा फिरवतंय, कुणी बाबागाडी ढकलतंय, कुणी लग्नाचे फोटो काढून घेतंय. 'आपल्याला कलेतलं काही कळत नाही' असं म्हणायची इथे वेळच येत नाही, कारण कुणी परीक्षा घ्यायला बसलेलं नसतं.

आधी चमच्याविषयीच सांगते. 'स्पूनब्रिज अँड चेरी' हे क्लेस ओल्डनबर्ग आणि कोशा व्हान ब्रुगन या नवरा-बायकोचं काम, १९८५ ते ८८ दरम्यानचं. चमचा ॲल्युमिनियम आणि स्टीलचा, वजन सुमारे २६०० किलो. वरची चेरी एकटीच साडेपाचशे किलोच्या आसपास. घडवलं जहाजं बांधणाऱ्या कारखान्यांत. चमच्याची कल्पना ओल्डनबर्गच्या डोक्यात साठच्या दशकापासून घोळत होती, चेरी मात्र कोशाची. अजूनही कितीतरी ठिकाणी एकट्या ओल्डनबर्गचंच नाव छापतात, ते मला खटकतं. चेरी काढून बघा मनातल्या मनात! मागे उरतो तो नुसता वाकलेला चमचा.

आणि चेरीकडे नीट बघा. देठाच्या बुडाशी बारीक पाणी सुटतं आणि चेरीच्या अंगावरून सतत ओघळत राहतं, म्हणून ती आत्ताच धुऊन ठेवल्यासारखी चमकते. देठाच्या टोकातून तुषार उडतात. वारा तुमच्या बाजूचा असेल तर चष्म्यावर येतात. हिवाळ्यात पाणी बंद असतं, तेव्हा त्याच चेरीवर बर्फ साचतो आणि ते रूप मला जास्त आवडतं. पण इथलं ऊन आणि इथली थंडी रंगाला सोडत नाही. २०२१ च्या शेवटी चेरी उतरवून रंगवायला नेली होती, ती २०२२ च्या सुरुवातीला परत आली. उघड्यावरचं शिल्प म्हणजे कायमची देखभाल. ते एकदा उभारून विसरून जाता येत नाही.

थोडं पुढे गेलात की तो निळा कोंबडा. कॅटरीना फ्रिच या जर्मन शिल्पकर्तीचा. आमच्याकडे आलेल्या एका काकांनी त्याला बघून सरळ विचारलं होतं, "अगं, पण हा कोंबडा इथे कशासाठी?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. हा कोंबडा पहिल्यांदा २०१३ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात उभा राहिला. चौकात चार चौथरे, तिघांवर राजा आणि सेनापती. चौथ्यावर एका राजाचा घोड्यावरचा पुतळा बसायचा होता, पण पैसे कमी पडले आणि चौथरा रिकामाच राहिला. त्या सगळ्या छाती काढून उभ्या असलेल्या पुरुषांच्या मधोमध एका बाईने निळाशार कोंबडा आणून ठेवला. हे सांगितल्यावर काका खो खो हसले आणि मग कोंबड्याला प्रदक्षिणा घालून आले.

तसाच 'वुडरो' नावाचा घोडा. डेबोरा बटरफिल्डचा. लांबून वाटतं, नदीकाठी वाहून आलेल्या काटक्या-फांद्या कुणीतरी एकमेकींत अडकवून उभ्या केल्यात. जवळ जा. सालीच्या भेगा दिसतात, फांदी मोडल्यावर उरतो तो खडबडीतपणा दिसतो, गाठी दिसतात. आणि हे सगळं ब्राँझ आहे. फांद्या ब्राँझमध्ये ओतून घेतल्या आहेत. माहीत असूनही डोळे प्रत्येक वेळी 'लाकूड' म्हणतात.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते. या बागेत २०१७ साली एक शिल्प उभं राहिलं आणि बाग लोकांसाठी उघडायच्या आतच ते उतरवावं लागलं.

बागेचं नूतनीकरण नुकतंच झालं होतं आणि जूनमध्ये ती पुन्हा उघडणार होती. नव्या शिल्पांत सॅम ड्युरंट या कलाकाराचं 'स्कॅफोल्ड' होतं. लाकूड आणि पोलादाची उंच रचना. अमेरिकेच्या इतिहासातल्या वेगवेगळ्या फाशींचे मंच एकमेकांत मिसळून केलेली. त्यात एक मंच मॅनकॅटोचा होता. मॅनकॅटो हे मिनेसोटातलंच गाव, इथून दीडेक तासावर. २६ डिसेंबर १८६२ ला तिथे डकोटा या मूलनिवासी समाजातल्या ३८ पुरुषांना एकाच वेळी फाशी दिली गेली. अमेरिकेच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी सामूहिक फाशी. मंजुरी अब्राहम लिंकन यांची. आणि मिनियापोलिस वसलंय ते डकोटा लोकांच्याच भूमीवर.

ड्युरंटचा हेतू वाईट नव्हता. सरकारने दिलेल्या फाशींवर विचार व्हावा, असंच त्याला वाटत होतं. २०१२ मध्ये जर्मनीत कासेलच्या 'डॉक्युमेंटा' प्रदर्शनात हेच काम मांडलं गेलं होतं. पण कासेलमध्ये ज्याच्याकडे बघून विचार करता येतो, तेच मिनियापोलिसमध्ये ज्यांच्या पणजोबा-खापरपणजोबांना लटकवलं त्यांच्या डोळ्यांसमोर, चमच्याच्या आणि कोंबड्याच्या शेजारी, मुलांनी चढून जावं अशा पायऱ्यांसकट उभं राहिलं. आणि ज्यांचं हे दुःख, त्या डकोटा समाजाला कुणी आधी साधं विचारलंही नाही. कुंपणापाशी लोक जमले, निदर्शनं झाली. मग डकोटा ज्येष्ठ मंडळी, म्युझियम, पार्क बोर्ड आणि स्वतः कलाकार एकत्र बसले. ड्युरंटने शिल्पावरचे आपले सगळे हक्क डकोटांना देऊन टाकले. जूनच्या सुरुवातीला प्रार्थनेने सुरुवात करून ते उतरवलं गेलं. लाकूड जाळायचं आधी ठरलं होतं, नंतर ज्येष्ठांनी ते अज्ञात जागी पुरायचं ठरवलं. बाग ठरलेल्या तारखेपेक्षा आठवडाभर उशिरा उघडली.

तेव्हा कित्येकांनी ही सेन्सॉरशिप आहे म्हटलं, आजही म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. सेन्सॉरशिपमध्ये ज्याच्या हातात सत्ता असते तो दुसऱ्याचं तोंड बंद करतो. इथे ज्यांचं कुणी ऐकलं नव्हतं त्यांचं ऐकलं गेलं आणि कलाकार स्वतः राजी झाला. अवघड, अंगावर येणारी कला असावीच, तिच्याशिवाय म्युझियमला अर्थ नाही. पण सार्वजनिक बागेत शिल्प ठेवणं म्हणजे लोकांच्या अंगणात ठेवणं. अंगण कुणाचं आहे ते आधी विचारायला हवं.

आपल्याला हे कळायला जड जाऊ नये. मुंबईतल्या काळ्या घोड्याचंच घ्या. घोड्यावरचा इंग्रज राजपुत्र, पुढे राजा झालेला सातवा एडवर्ड, १९६५ मध्ये चौकातून हलला आणि भायखळ्याला राणीच्या बागेत गेला. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो आजही बघता येतो. चौकाला नाव मात्र काळा घोडाच राहिलं आणि २०१७ मध्येच तिथे स्वार नसलेला नवा काळा घोडा आला. लोकांना घोडा हवा होता, स्वार नको होता. पुतळा हलवला म्हणून इतिहास पुसला जात नाही. तो कुठे, कुणासमोर आणि किती उंचीवर उभा आहे, हाही इतिहासच.

मिनियापोलिसमध्ये पुढे काय झालं, हे तर आवर्जून बघण्यासारखं. वॉकरने मूलनिवासी कलाकारांकडून नव्या शिल्पासाठी प्रस्ताव मागवले आणि अँजेला टू स्टार्स या डकोटा कलाकर्तीची निवड झाली. तिचं 'ओक्चियापी' २०२१ मध्ये बागेत आलं. अर्थ 'एकमेकांना मदत करा'. पाण्यात थेंब पडल्यावर उठणाऱ्या तरंगांसारख्या एकात एक वळणाऱ्या बैठका, त्यांवर डकोटा भाषेतले शब्द, मधोमध पाणी, भोवती औषधी वनस्पती. तिथे डकोटा भाषा ऐकायलाही मिळते. ही भाषा टिकावी म्हणून झटलेल्या आपल्या आजोबांपासून तिने प्रेरणा घेतली. बसायला, ऐकायला, शब्द उच्चारून बघायला ही जागा केली आहे. पोरं तिथे गोल गोल पळतात आणि त्यांना कुणी ओरडत नाही. मला हे बागेतलं सर्वांत महत्त्वाचं शिल्प वाटतं, आणि नेमकं याच्यापाशी आपली मंडळी क्वचित दिसतात.

तर येणार असाल तर निदान दोन तास हाताशी ठेवा. शक्य असेल तर लॉरिंग पार्कच्या बाजूने, सिया अर्माजानीच्या पिवळ्या-निळ्या पुलावरून चालत या. मूळचा तेहरानचा हा कलाकार मिनेसोटात स्थायिक झाला होता. खाली हायवेच्या सोळा लेन धडधडत असतात आणि वर तुळईवर अख्खी कविता अक्षरांत बसवलेली आहे. जेनी होल्झर या कलाकर्तीच्या पांढऱ्या ग्रॅनाइटच्या बाकांवर बसा, पण बसण्याआधी त्यांवर कोरलेलं वाचा. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर उन्हाळ्यात संध्याकाळी आणा, पाण्याची बाटली घ्या, डास चावतात. ओक्चियापीपाशी त्यांना बसवा आणि १८६२ ची गोष्ट सांगा. चमच्यासमोरचा फोटो मग जाता जाता काढा. इथे राहणाऱ्या कुणाला सोबत हवी असेल तर मला मेसेज करा, मी आनंदाने येईन.