‘जुन्या गाडीची किंमत शून्य’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

रिस्टोअर केलेल्या जुन्या गाड्यांच्या विम्याबद्दल एक लांबलचक मेसेज सध्या ग्रुपांवर फिरतोय. मी तो वाचून सोडून दिला असता. पण माझ्या मामांनी तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘या वर्षी फक्त थर्ड पार्टीच काढतो.’ मामांकडे १९६८ची फियाट डिलाइट आहे. पत्रा, वायरिंग, सीटा, क्रोम, सगळं मिस्त्रीच्या मागे लागून पुन्हा उभं केलेलं. तिचा ओन डॅमेज विमा, म्हणजे दुसऱ्यांच्या नाही तर आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा, ते एका फॉरवर्डच्या जोरावर बंद करायला निघाले होते. म्हणून हे लिहितोय.

मेसेज थोडक्यात असा: जुन्या गाडीची विमा कंपनीच्या लेखी किंमत शून्य, पूर्ण विमा काढलाच तर आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) कमीत कमी ठेवा, नाहीतरी क्लेमच्या वेळी वयाचा घसारा पुन्हा कापतात, जास्त किंमत हवी असेल तर रिस्टोरेशनची बिलं दाखवा, तेवढी द्यावीच लागते, इंजिन किंवा रंग बदलल्याचं सांगू नका, ‘व्हीए’ (व्हिंटेज गाडीचा) नंबर घेतला की विमाच लागत नाही, लग्नाला भाड्याने दिली तरी चालतं.

‘किंमत शून्य.’ हे कुठून आलं ते कळतं. आयडीव्हीचा घसाऱ्याचा तक्ता सहा महिन्यांपर्यंत ५ टक्क्यांनी सुरू होतो आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्क्यांवर थांबतो. लोक तीच रेघ पुढे ओढतात आणि मनातल्या मनात शून्यावर येतात. पण तक्ता पाच वर्षांवर संपतो, कारण पुढचा नियमच वेगळा आहे. २००२च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे वाहन विम्याच्या नियमावलीत, स्पष्ट लिहिलंय की पाच वर्षांपुढची गाडी, आणि उत्पादन बंद झालेलं मॉडेल, यांची आयडीव्ही कंपनी आणि मालक यांच्या सहमतीने ठरते. डिलाइट दोन्हींत बसते. म्हणजे तिची किंमत आधीपासून कुणी ठरवलेली नाही. ती बोलून, कागद दाखवून ठरवायची असते.

‘क्लेमच्या वेळी पुन्हा कापतात.’ मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हे आहे, कारण आयडीव्ही कमी ठेवण्याचा सल्ला त्याच्यावरच उभा आहे. मामांना मी त्यांचीच पॉलिसी उघडायला लावली. त्यात लिहिलंय की गाडी पूर्ण गेली, म्हणजे चोरी किंवा टोटल लॉस झाला, तर आयडीव्ही हाच संपूर्ण मुदतीत बाजारभाव मानला जाईल आणि त्यावर आणखी घसारा लावला जाणार नाही. कायद्याची पुस्तकं शोधत बसायची गरज नाही, पॉलिसीच्या कागदातच उत्तर आहे. वर्षाच्या सुरुवातीला जो आकडा ठरला, तोच धरून हिशेब होतो, त्यातून फक्त पॉलिसीतली ठरलेली वजावट जाते.

आता कमी आयडीव्हीचं गणित बघा. त्याच पॉलिसीनुसार दुरुस्तीचा देय खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी ‘कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस’ ठरते. समजा, हप्ता वाचवायला तुम्ही आयडीव्ही ६०,००० ठेवली. म्हणजे तुमची मर्यादा ४५,०००. टेम्पोने पुढून ठोकलं, मडगार्ड, बॉनेट, जाळी आणि एक हेडलाइट गेला, वर रंग. एवढ्यात ४५,००० ओलांडायला वेळ लागत नाही. गाडी दुरुस्त होण्यासारखी आहे, चासी सरळ आहे, इंजिन ठणठणीत आहे, पण कागदावर ती संपली. मग एकतर गाडी भंगार म्हणून द्यायची आणि ६०,००० घ्यायचे, किंवा भंगाराची किंमत वजा करून उरेल ते घ्यायचं आणि दुरुस्ती पदरच्या पैशांनी करायची. हप्त्यात वाचलेल्या थोड्या रकमेसाठी माणूस वर्षानुवर्षं जपलेली गाडी अशी घालवू शकतो. हा सल्ला लिहिणाऱ्याने हे गणित केलेलं नाही आणि तरी तो इतरांना शहाणं करायला निघालाय, याचा मला राग येतो.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. अपघातात गाडी पूर्ण गेली नाही, नुसतं नुकसान झालं, तर सुट्या भागांवर घसारा लागतो आणि तो जबर असतो. दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के, रबर-प्लास्टिक, टायर आणि बॅटरीवरही ५० टक्के. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, इतक्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. तेव्हा ‘कापतात’ हे दुरुस्तीच्या बाबतीत खरं आहे. पण काचेवर घसारा नाही आणि मजुरीवरही नाही. जुन्या फियाटच्या बिलात मोठा वाटा असतो तो पत्रा ठोकून सरळ करणाऱ्या हातांचा. रंगाचं एकत्र बिल असेल तर २५ टक्के साहित्य धरून फक्त त्यावर ५० टक्के कापतात. म्हणून मिस्त्रीकडून मजुरी आणि सामान वेगळं लिहिलेलं बिल घ्या. बहुतेक गॅरेजवाले एका ओळीत एकच रक्कम लिहून देतात आणि मग सर्व्हेअरशी, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाशी, वाद होतो.

‘बिलं दाखवा, तेवढी किंमत द्यावीच लागते.’ नाही. ‘सहमती’ याचा अर्थ मालक म्हणेल ते असा होत नाही. विमा म्हणजे भरपाई. ती गाडीच्या किमतीची असते, तुमच्या हौसेच्या खर्चाची नसते. फियाट किंवा अँबॅसेडरसारख्या गाडीवर लोक बाजारभावापेक्षा जास्त खर्च करतात, हे या छंदातल्या प्रत्येकाला माहीत आहे. सात लाख घातले म्हणून चार लाखांना विकली जाणारी गाडी सात लाखांची होत नाही. उलटंही होतं. मूळ जाळी, मूळ मीटर, स्टिअरिंगवरचा गिअर आणि आरसीशी जुळणारे नंबर असलेली गाडी कमी खर्च होऊनही चकचकीत पण भलतेच पार्ट लावलेल्या गाडीपेक्षा जास्त मोलाची ठरते.

बिलं पुरावा म्हणून लागतात, पण एकटी पुरत नाहीत. काम चालू असतानाचे फोटो ठेवा. पत्रा उघडा असताना काढलेले तर नक्कीच, कारण रंगाखाली काय आहे हे नंतर कुणी सांगू शकत नाही. त्याच मॉडेलच्या गाड्यांचे प्रत्यक्ष झालेले व्यवहार शोधा, जाहिरातीत मागितलेले आकडे नकोत. परवानाधारक सर्व्हेअरकडून मूल्यांकन अहवाल घ्या आणि कंपनीच्या शाखेत लेखी द्या. ऑनलाइन फॉर्मवर डिलाइट शोधू नका. मॉडेल यादीत नसतं किंवा सिस्टीम एखादा फुटकळ आकडा टाकते, आणि तो आकडा म्हणजेच गाडीची किंमत असं समजून लोक मुकाट पैसे भरतात.

‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’ पॉलिसीचंही (टोटल लॉसला आधीच ठरलेली रक्कम देणारी) मेसेजमध्ये मोघम काहीतरी आहे. टॅरिफप्रमाणे ती फक्त व्हिंटेज गाड्यांना, आणि तिथे व्हिंटेज म्हणजे ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली, व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली गाडी. मामांची डिलाइट त्यात येत नाही. पण आयडीव्ही नीट ठरवली तर टोटल लॉसमध्ये परिणाम जवळजवळ तोच मिळतो.

‘इंजिन, रंग सांगू नका.’ हा सल्ला देणाऱ्याने क्लेमच्या वेळी काय होतं ते पाहिलेलं नाही. सर्व्हेअर चासी आणि इंजिन नंबर आरसीशी ताडतो. डिलाइटमध्ये पद्मिनीचं इंजिन बसवणं सर्रास चालतं, कारण सामान मिळतं. बसवलं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाखाली आरटीओत नोंद करून ते आरसीवर चढवून घ्यायला हवं, रंगाचंही तसंच. लपवलं, तर माहिती दडवली म्हणून कंपनीच्या हातात आयतं कारण जातं आणि वर्षानुवर्षं भरलेले हप्ते वाया जातात.

‘व्हीए नंबरला विमा लागत नाही.’ थापा. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या आणि चासी, बॉडी, इंजिन मूळ रूपात राखलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होते, आणि नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण रस्त्यावर आणायची तर कलम १४६चा थर्ड पार्टी विमा तिलाही लागतोच. खरी गोष्ट एवढीच की २०२२च्या नियमांत व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी गाडीला थर्ड पार्टी हप्त्यात ५० टक्के सूट ठेवली. १००० ते १५०० सीसीचा हप्ता तेव्हा ३,४१६ रुपये ठरला होता, म्हणजे डिलाइटला १,७०८. त्या बदल्यात गाडी रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. मामा रविवारी मामींना घेऊन फिरायला जातात, त्यांनी अशी नोंद करण्याआधी विचार करावा.

‘लग्नाला भाड्याने दिली तरी चालतं.’ खासगी पॉलिसीत भाड्याने वापर वगळलेला असतो. वरातीत ठोकर बसली तर क्लेम विसरा.

शेवटी मेसेज म्हणतो, एखादं वर्ष ओन डॅमेजशिवाय थांबून बघा. मुदत संपून ९० दिवस उलटले की साठलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, आणि खंड पडलेल्या गाडीची पुन्हा तपासणी करूनच कंपनी ओन डॅमेज देते. मामांची पॉलिसी या महिनाअखेरीस संपतेय. अहवाल आणि फोटो घेऊन त्यांना आधी शाखेत जायला सांगितलंय, आणि ज्याला हा मेसेज आलाय त्या प्रत्येकाने आपल्या पॉलिसीत आयडीव्हीचा परिच्छेद स्वतः वाचावा.