कान सुकला, म्हणजे बरा झाला का?

पावसाळा लागला की आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरून येतो. यंदा तो माझ्या चुलतभावानं टाकला, खाली हात जोडलेली चार चित्रं. मेसेज लांबलचक आहे. सार एवढंच: कानाला पाण्याची भीती दाखवणं हा डॉक्टरांचा धंदा. आपले बापजादे नदी-तलावात डुंबले, त्यांचं काय बिघडलं? कान वाहत असेल तर लसूण घालून कढवलेलं तेल सोडा. बोळाच घालायचा तर घरच्या कपाशीचा घाला, मेडिकलमधला कापूस म्हणजे लूट. कान सुकला की ऑपरेशनची गरज नाही. आणि ऑपरेशन झालंच असेल, तर टाके निघाल्यावर खुशाल डोक्यावरून पाणी घ्या. शेवटी ‘गरजूंपर्यंत पोचवा’.

गरजू म्हणजे मीच. माझ्या उजव्या कानाचा पडदा दोनदा बसवलेला आहे. पहिला गेला तो या मेसेजातल्या शेवटच्या सल्ल्यापायी. तेव्हा मोबाइल नव्हते, सल्ला पारावर मिळाला होता. मी डॉक्टर नाही, शाळेत विज्ञान शिकवतो. पण कानाच्या ओपीडीच्या बाकावर जितका बसलो तितका कुठल्याच लग्नाच्या पंगतीत बसलो नसेन.

आधी बापजाद्यांचं. ते डुंबले हे खरं. आमच्याकडे वर्धा नदी, तिकडे भंडारा-गोंदियात मालगुजारांच्या काळचे मामा तलाव, म्हशी आणि पोरं एकाच पाण्यात. पण कानाची नळी ही बंद गल्ली असते, मोठ्या माणसात साधारण २.५ सेंटिमीटर लांब, आणि तिच्या टोकाला पडदा. शर्टाच्या बटणाहून जरा लहान, वहीच्या कागदाएवढा पातळ. तो धड असेल तर पाणी तिथपर्यंत जातं आणि परत येतं. पडद्याला भोक पडलं की गल्लीच्या टोकाची भिंत पडली. पाणी सरळ मधल्या कानात, जिथं ऐकू येण्याची तीन हाडं आहेत आणि जिथं बाहेरचं पाणी कधी जायलाच नको. म्हणजे मेसेज बोलतो धड कानाबद्दल आणि पोचतो फुटक्या कानवाल्याकडे. तिथंच सगळा घोळ.

आणि बापजाद्यांचं काही बिघडलं नाही असं कोण म्हणतं? आठवून पाहा, प्रत्येक गावात एखादा ‘बहिरा बुढा’ असतोच. त्याला ओरडून बोलावं लागतं, पोरं हसतात. कधी त्याच्याजवळ बसून विचारा. आमच्या मोहल्ल्यातल्या बुढ्याला मी विचारलं होतं. म्हणाला, “लहानपनापासून वाहे बापा, मंग आपोआप बंद झाला. आयकूयी येनं बंद झालं.”

पाणी स्वच्छ असलं तर चालतं का, हे मला फार जण विचारतात. आरओचं असलं तरी नाही. एक तर नळीतल्या कातडीवरचे जंतू पाणी आत घेऊन जातं. दुसरं, साबण. सातवीच्या पोरांना मी पाण्यावर सुई तरंगवून दाखवतो, मग साबणाचा एक थेंब टाकतो. सुई बुडते. पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण साबणानं मोडतो. नुसतं पाणी बारीक भोकाच्या तोंडाशी अडेलही, पण शाम्पूचं पाणी आत घुसतंच. तलावाचं, नाल्याचं पाणी तर सोडाच. ओलाव्यात वाढणारे जंतू त्यात असतातच, आणि घाण वास मारणारा हिरवट पू बऱ्याचदा त्यांचाच. शिवाय तोल सांभाळणारा भाग आतल्या बाजूला अगदी लागून आहे. विहिरीचं गार पाणी भोकातून तिथपर्यंत पोचलं तर गरगरून चक्कर येते. काठावर चक्कर आली तर माणूस खाली बसेल. मधोमध पाण्यात आली तर?

आता तेल. लसूण घालून कढवलेलं तिळाचं तेल आमच्या आजीनं माझ्या कानात सोडलेलं आहे, प्रेमानं सोडलं, आणि वर्षानुवर्षं सोडलं. तेलानं ठणक थोडी दबल्यासारखी वाटते, हे मी नाकारत नाही. पण तेलानं कान सुकत नाही. ओल आत राहते, वर तेलाचा थर बसतो, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत बुरशीला यापेक्षा चांगली जागा मिळायची नाही. दुर्बिणीतून माझ्या कानातली बुरशी डॉक्टरांनी मला टीव्हीसारख्या स्क्रीनवर दाखवली होती. भिजलेल्या वर्तमानपत्राचा लगदा दिसावा तशी, पांढुरकी, वर काळे ठिपके. खाज इतकी की मी पेनाचं टोपण घालून खाजवायचो. मास्तर असून.

मेडिकलवाल्याला विचारून ड्रॉप घेणं हेही याच मेसेजचं शहाणं भावंड. पडदा धड असताना चालणारी काही औषधं भोकातून आत गेली तर आतल्या कानाला, म्हणजे ऐकण्याच्या मुळालाच, इजा करू शकतात. शेजारणीच्या पोराची उरलेली बाटली तुमच्या पोरासाठी नाही. आत कोणीतरी डोकावून पाहिल्याशिवाय थेंब नको.

कपाशीचा मुद्दा मात्र मला मनापासून आवडला, कारण आपण कापसाच्या मुलखातली माणसं. घरात सरकीसकट ढीग पडलेला असताना मेडिकलमधून कापूस विकत आणायचा म्हणजे मनाला लागतंच. तर एक करून पाहा. दोन ग्लास पाणी घ्या. एकात घरच्या कापसाचा सरकी काढलेला पुंजका टाका, दुसऱ्यात मेडिकलमधल्या कापसाचा. घरचा वर तरंगत राहतो, बराच वेळ कोरडाच. दुसरा बघता बघता पाणी पितो आणि तळाशी जातो. कच्च्या धाग्यावर मेणासारखा थर असतो, कारखान्यात तो धुऊन काढतात, म्हणून तो कापूस शोषतो. वाहता कान टिपायला शोषणाराच कापूस लागतो. घरचा कापूस पू नुसता इकडचा तिकडे करतो, आणि त्यातला काडीकचरा, धूळ आत राहते ती वेगळीच.

टिपायची रीत आरोग्यसेविका शिकवतात, साधी आहे. शोषक कापसाची किंवा स्वच्छ सुती कापडाची वात वळायची, हातानंच, काडी नाही. हलकेच कानात ठेवायची, ओली झाली की काढायची, दुसरी घालायची, कोरडी निघेपर्यंत. दिवसातून तीनदा तरी. डॉक्टरांनी ड्रॉप दिले असतील तर ते यानंतर. पू भरलेल्या कानात औषध टाकणं म्हणजे चिखलावर रंग देणं.

आंघोळीचा बोळा वेगळा. तिथं पाणी शोषायचं नसतं, अडवायचं असतं. कापसाच्या बोराएवढ्या बोळ्याला व्हॅसलिन नीट चोळायचं, कानाच्या तोंडाशी बसवायचा, आत दाबायचा नाही. आंघोळ झाली की काढून फेकायचा. दिवसभर बोळा घालून फिरणारे पाहिले की माझा जीव खालीवर होतो. आतली ओल आतच कोंडते. बायांचं आणखी एक असतं. न्हाल्यावर ओल्या केसांचा अंबाडा कानावरच येतो आणि तासभर ठिबकत राहतो. केस मागं, कोरड्या टॉवेलात.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला बसलो. मेसेज म्हणतो, कान सुकला की ऑपरेशनची गरज नाही.

माझी बहीण यवतमाळकडे दिली आहे. तिच्या पोराचा डावा कान तिसरीपासून वाहतो. दर पावसाळ्यात वाहतो, दिवाळीनंतर कमी होतो, फाल्गुन-चैत्रात कोरडा ठणठणीत. मागच्या उन्हाळ्यात मी तिला फोन केला, आता ने म्हणून. तिची सासू मागून बोलली ते मला स्पष्ट ऐकू आलं, “काहून? कान तं सुकला नं आता! मंग चिरफाड कायले?”

हे आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक घरचं आहे. वाहतो तेव्हा धावतो, सुकतो तेव्हा विसरतो. पण पू थांबला म्हणजे भोक बुजलं असं नव्हे. लहान, नुकतं पडलेलं भोक बऱ्याचदा आपोआप भरतं, हे खरं. वर्षानुवर्षांचं भोक मात्र कडा जाड करून बसतं, ते उन्हाळ्यात नुसतं निवांत असतं. आणि डॉक्टर कान कोरडा करून आणा म्हणतात ते याच निवांत वेळेसाठी. कानशिलाजवळच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून त्याचा नवा पडदा करतात. तो जुन्या काठाला चिकटायचा असतो, तिथल्या रक्तवाहिन्या त्यात शिरायच्या असतात. आत सूज नसेल, पू नसेल, तर हे काम सोपं जातं. म्हणजे आपण ज्या महिन्यांना ‘बरा झाला’ म्हणतो, तेच नेमके ऑपरेशनचे महिने. आपण जातो केव्हा? आषाढात, कान धो धो वाहायला लागला की. मग डॉक्टर औषध देऊन पुन्हा यायला सांगतात, आणि आपण घरी येऊन म्हणतो, फेऱ्या मारायला लावतात.

इथं मेसेजच्या बाजूनंही एक बोलायला हवं. कान पूर्ण कोरडा झाल्याशिवाय ऑपरेशन होतच नाही, असंही नाही. थोडी ओल असली तरी तपासून सर्जन हात घालतात. आणि एक प्रकार असा, की थांबायचंच नसतं. पडद्याची कातडी आत ओढली जाऊन तिथं गोळा होत राहते, हाड पोखरते. त्यात पू कमी असतो पण कुजका वास असतो, आणि औषधानं तो कान कायमचा सुकत नाही. वाहत्या कानाबरोबर चेहरा एका बाजूला वाकडा झाला, चक्कर, ताप, डोकं फुटेल असं दुखणं, कानामागं सूज, यातलं काहीही दिसलं तर कोरडा होण्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज किंवा मेयो रुग्णालय, सेवाग्राम, सावंगी, अकोला, यवतमाळ, जे जवळ असेल ते.

आणि टाके. टाके निघाले की मोकळं, हा सल्ला मी पाळला होता. ऑपरेशन आषाढात झालं, आठव्या दिवशी कानामागचे टाके काढले. वरची जखम छान भरली. आरशात पाहून मला वाटलं, झालं. पण टाके चामडीचे होते. पडद्याला टाका नसतोच. तो आत जिलेटिनच्या बारीक स्पंजच्या तुकड्यांवर टेकवून ठेवलेला असतो, ते तुकडे हळूहळू आठवड्यांत विरघळतात, तोवर काठ धरतो. डॉक्टरांनी हे सांगितलं असेलही. घाईत सांगितलं, मी घाईत ऐकलं, आणि तेही एकाच कानानं.

पोळ्याला ऑपरेशनला महिन्याच्या वर दिवस झाले होते. आदल्या सांजेला बैलांचे खांदे शेकले, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ म्हणून झालं. सकाळी बैल नदीवर नेले. पारावरचे म्हणाले, टाके तं निघाले नं मास्तर, उतरा. उतरलो. बुडी मारली नाही, पण धाकट्या बैलानं मान झटकली आणि सगळं पाणी उजव्या अंगावर. कानात गुळुप्प झालं. चौथ्या दिवशी ठणक, सहाव्या दिवशी उशीवर पिवळा डाग. तपासणीत पडद्याच्या खालच्या बाजूला भोक. दुसरं ऑपरेशन दोन वर्षांनी, त्या वेळी मी चैत्रात गेलो.

दुसऱ्या वेळी नियम कागदावर लिहून न्हाणीच्या दाराला चिकटवला. डॉक्टर आत पाहून ‘आता चालेल’ म्हणेपर्यंत कानात थेंब नाही. मला तीन महिने लागले, कुणाला कमी-जास्त लागतात. डोकं धुवायचं ते मान मागं टाकून, बायकोनं तांब्यानं घालायचं, कानावर वाटी. नाक जोरात शिंकरायचं नाही, कारण नाकातून कानात एक नळी जाते आणि तो दाब नव्या पडद्याला मागून धक्का देतो. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. आमचे हेडमास्तर अजून माझ्या शिंकेची नक्कल करतात.

खर्चाचं भय असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रिया आहेत. रेशन कार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, कुठली बसते ते. शाळा-अंगणवाडीत तपासणीचं पथक येतं तेव्हा पोराचा कान आज वाहत नसला तरी ‘वाहतो’ म्हणून सांगा.

भाच्याला यंदा मार्चमध्ये नेलं. कान कोरडा होता, सासूबाई कुरकुरल्या, पण एप्रिलची तारीख मिळाली. घोळ एकच, ऑपरेशननंतर दहा दिवसांनी घरात लग्न. बहिणीचा रात्री फोन, “दादा, हळदीचं पानी घेऊ देऊ का त्याले?” खांद्याच्या खाली घेऊ दे म्हटलं, आणि कानात बोळा. फोटोत तो सगळ्यांच्या मागं उभा आहे, मानेपर्यंत पिवळा, वर कोरडा.