बांडगूळ वेगळं, गळेघोट्या वेगळा

तुमचा लेख आवडला, पण त्यात 'स्ट्रँगलर फिग'चं, म्हणजे दुसऱ्या झाडावर वाढून त्याला आवळणाऱ्या वड-पिंपळासारख्या झाडाचं, मराठी 'बांडगूळ' केलंय ते खटकलं. त्याला 'गळेघोट्या' म्हणावं. आमच्या दापोलीकडे आंब्यावर बांडगूळ आलं की फांदीसकट तोडतात, कारण ते फांदीत मुळं घुसवून झाडाचंच पाणी पितं. वड-पिंपळ तसं करत नाहीत. पक्ष्याच्या विष्ठेतून बी बेचक्यात पडतं, मुळं खोडावरून उतरत जमिनीला टेकतात, आणि मग त्यांची जाळी एकमेकींत जुळून खोडाला आवळते. आतलं झाड जाड व्हायला बघतं, तर जागाच नसते. वर उन्हासाठीही मारामारी.

आमच्या आगराच्या कडेला ताडावर वड आहे. मी शाळेत असल्यापासून बघतोय, बोटाएवढी मुळं आता मनगटाएवढी झालीत, ताड अजून उभा! ताड-माडाचं खोड आंब्यासारखं वर्षागणिक जाड होत नाही, म्हणून आवळण्याचा त्रास त्याला कमी. सावलीनेच काय तो मरेल.

गळा आवळणाऱ्या माणसांसाठी मात्र शब्द आधीपासून आहे. ठगांना दक्षिणेत 'फासीगार' म्हणत, फास टाकून मारणारे म्हणून. तो झाडाला लावू नये, वडाची पूजा करणाऱ्या बायका आपल्याला फास लावतील.

मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणतो, जुनी प्रणाली चालू ठेवून तिच्याभोवती थोडी थोडी नवी उभी करायची आणि शेवटी जुनी बंद करायची, यालाही 'स्ट्रँगलर'च म्हणतात. सॉफ्टवेअरवर लिहिणाऱ्या मार्टिन फाउलरने २००४ साली हे नाव दिलं, तेही ऑस्ट्रेलियातली अशीच झाडं बघून. मी त्याला ताडाखाली नेऊन उभा केला.