बारीक व्हायचंय? मग जेवताय कशाला!

लग्नाला सहा आठवडे उरलेत आणि दहा किलो घालवायचेत ना? मग जेवण कमी करू नका, बंदच करा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींत बैठं काम करणाऱ्या 65 किलोच्या पुरुषाला दिवसाला सुमारे 2110 आणि 55 किलोच्या बाईला 1660 कॅलरी लागतात असं छापलंय. छापू द्या. त्यांच्या घरात कुठे लग्न आहे? तुम्ही थेट 600 वर या.

आहारतज्ज्ञ सांगतील, रोज चार-पाचशे कॅलरी कमी घ्या, आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरेल. अर्धा किलो! सोलापूरच्या नवी पेठेत ब्लाउज शिवायला टाकलाय, त्या टेलरला सांगा जरा थांबायला.

पहिल्याच आठवड्यात काटा दोन-तीन किलो खाली येईल. त्यात बरंचसं पाणीच असतं. स्नायूंत साठलेलं ग्लायकोजेन (शरीराची साखरेची शिल्लक) संपतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे धरलेलं तीनेक ग्रॅम पाणीही जातं. हे कुणाला सांगायचं नाही. स्टेटसला फोटो टाकायचा.

ताटातली कडक भाकरी आधी हाकला. ती चावायला वेळ लागतो, तेवढ्यात पोट भरल्याचं कळतं. असलं अन्न धोक्याचं! शेंगाचटणीही बंद. 100 ग्रॅम शेंगदाण्यात 25 ग्रॅम प्रथिनं असली म्हणून काय झालं, कॅलरी साडेपाचशेच्या वर आहेत. दुपारी भाकरीबरोबर चमचाभर खाणं म्हणजे पाप. रात्री अकराला, घर झोपल्यावर, डब्यात चमचा घालून उभ्याउभ्या खाल्लेली मात्र मोजायची नसते. (डब्याचं झाकण वाजणार नाही एवढं बघा.)

1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात अन्सेल कीज या शास्त्रज्ञाने 36 धडधाकट तरुणांना सहा महिने दिवसाला सुमारे 1570 कॅलरींवर ठेवलं. ती पोरं चिडचिडी झाली, त्यांना सतत थंडी वाजायची, डोक्यात जेवणाशिवाय काही नसायचं. काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. तुम्ही त्यांच्या निम्म्यावरही नाही. तेव्हा मध्यरात्री हुरडा पार्टीचे रील बघत बसलात तर ती साधना समजा. आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये हातपाय गार पडले तर घाबरायचं कारण नाही, चादरींना आपल्याकडे तोटा नाही.

चरबीबरोबर स्नायूही झिजतील, पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढेल. केस गळतात ते दोन-तीन महिन्यांनी, म्हणजे लग्नाच्या अल्बममध्ये काही दिसणार नाही. शेजारीण गेटवरच अडवेल, "लै वाळलाय की ओ! शुगर-बिगर निघाली का काय?" ही कौतुकाची पावती, जपून ठेवा.

एखादा डॉक्टर म्हणेलच, दोन वेळा भाकरी, उसळ, दही, पालेभाजी पोटभर खा, तेल-साखर आवरा, संध्याकाळी चालायला जा. ज्याला वर्षभर धीर धरता येतो त्याने खुशाल ऐकावं. तुम्ही लग्न उरकलं की पंगतीला बसा, मग सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, म्हणजे जत्रेला जा, आणि गेलेले किलो चार नातेवाईक घेऊन परत आले की खापर भाकरीवर फोडा. 600 कॅलरी जास्तच झाल्या असणार. पुढच्या खेपेला 400 चा चार्ट शोधा.