बॅटरी फ्रीझरमध्ये ठेवू नका, अ‍ॅडॅप्टरच्या वायरी तिला लावणं तर सोडाच

‘जुना लॅपटॉप चालू होत नाही? हे पाच उपाय करा’ असा एक निरोप सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. तो आमच्या काकांपर्यंत पोचला आणि त्यांनी बॅटरी पिशवीत गुंडाळून फ्रीझरमध्ये टाकलीसुद्धा, म्हणून हे लिहिणं भाग आहे. पाच उपाय असे: पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा, अ‍ॅडॅप्टरचा दिवा लागला की अ‍ॅडॅप्टर ठीक समजा, पिन बसली की कुठलाही अ‍ॅडॅप्टर चालतो, फक्त अँपिअर जास्त नकोत, बॅटरी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, तरीही चार्ज होत नसेल तर अ‍ॅडॅप्टरच्या वायरी थेट बॅटरीला लावून ‘झटका’ द्या.

शेवटचा उपाय आधी घेतो, कारण त्याने आग लागू शकते. सहा सेलच्या जुन्या बॅटरीवर बहुधा १०.८ किंवा ११.१ व्होल्ट लिहिलेलं असतं. आत दोन-दोन सेलच्या तीन जोड्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. सेलची कमाल मर्यादा साधारण ४.२ व्होल्ट, म्हणजे अख्ख्या पॅकची १२.६. अ‍ॅडॅप्टर देतो १९.५. म्हणजे त्याचा पूर्ण दाब सेलवर आला तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसहा व्होल्ट! व्होल्टेज उतरवून करंट बेताने सोडायलाच लॅपटॉपमध्ये चार्जिंगचं वेगळं सर्किट असतं. पॅकमधलं संरक्षक सर्किटही बॅटरी उगाच बंद करत नाही. सेल दोन व्होल्टच्या खाली बराच काळ पडून राहिला की आतल्या पत्र्याचं तांबं विरघळायला लागतं, आणि पुन्हा चार्ज करताना ते नको तिथे साचून सेल आतूनच शॉर्ट होऊ शकतो. झटक्याने ‘जिवंत’ झालेली अशी बॅटरी तुम्ही मांडीवर घेऊन बसणार.

फ्रीझरच्या मुळाशी अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करू. लिथियम-आयन बॅटरी न वापरता ठेवायची असेल, तर निम्म्याच्या आसपास चार्ज करून थंड जागी ठेवल्यास ती कमी झिजते. पण झिजलेली बॅटरी थंडीने भरून येत नाही. उलट बाहेर काढल्यावर तिच्यावर पाणी सुटतं, आणि शून्य अंशाखाली चार्ज केली तर लिथियम धातूच्या रूपात इलेक्ट्रोडवर साचतो. जुन्या थिंकपॅड लॅपटॉपची ‘हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल’ ही दुरुस्तीची पुस्तिका उघडून बघा. चार्जिंगचा दिवा लागत नसेल तर बॅटरी काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, पुन्हा बसवा, तरी दिवा लागला नाही तर बॅटरी बदला, असं त्यात सांगितलंय. त्याच पुस्तिकेप्रमाणे ९५ टक्क्यांच्या वर चार्ज असेल तर चार्जिंग सुरूच होत नाही. त्यामुळे ‘९७ वर अडकली’ हा बिघाड नव्हे.

आता अ‍ॅडॅप्टर. दिवा लागला म्हणजे आतलं सर्किट जागं आहे, एवढंच कळतं. व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर डीसी २०० व्होल्टवर ठेवा (२० वर ठेवलात तर २० व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर मोजताना आकडा मर्यादेबाहेर जाऊ शकतो). काळी प्रोब गोल पिनच्या बाहेरच्या अंगाला, लाल आतल्या. पिनच्या मधोमध सुईसारखी बारीक तार असेल तर लाल प्रोब तिला न टेकवता आतल्या भिंतीला टेकवा. १९.५ च्या जागी १८.५ ते २०.५ आलं तर ठीक. पण हे झालं रिकाम्या अ‍ॅडॅप्टरचं. पिनजवळ किंवा डब्याच्या तोंडाशी केबलचे बरेच धागे तुटले असतील तरी रिकामा आकडा बरोबर येतो आणि लॅपटॉप लावताच कोसळतो. म्हणून गाडीचा २४ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब जोडून मोजा. तो पाऊण अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. केबल वाकवताना आकडा नाचला तर दोष तिथेच. आणि लॅपटॉपला जोडताच अ‍ॅडॅप्टरचा दिवा विझत असेल, पिन काढून थोड्या वेळाने परत लागत असेल, तर बहुधा शॉर्ट लॅपटॉपच्या बाजूला आहे.

अँपिअरबद्दलचा सल्ला तर चक्क उलटा आहे. व्होल्ट जुळलेच पाहिजेत, पिनचा मधला भाग धन की ऋण, हेही. अँपिअर म्हणजे अ‍ॅडॅप्टरची कुवत. ३.३४ अँपिअरच्या, म्हणजे ६५ वॅटच्या जागी त्याच व्होल्टचा ४.६२ अँपिअरचा खुशाल लावा, लॅपटॉप लागेल तेवढंच ओढतो. कमी कुवतीचा मात्र तापतो किंवा बंद पडतो. डेलच्या पिनमधली ती बारीक तार अ‍ॅडॅप्टरची ओळख सांगते. ती तुटली की लॅपटॉप चालतो, पण मंद, आणि बॅटरी चार्ज होत नाही. लोक अशा वेळी नवी बॅटरी घेऊन मोकळे होतात.

बटणाचा उपाय तेवढा खरा. अ‍ॅडॅप्टर आणि बॅटरी दोन्ही काढून दाबायचं, हे मात्र निरोपात नाही. कपॅसिटरमधला उरलेला चार्ज निघून जातो आणि पॉवर सांभाळणारा, अडकलेला कंट्रोलर नव्याने सुरू होतो.

त्यानंतर बॅटरी न बसवता नुसत्या अ‍ॅडॅप्टरवर चालवा. चालला तर संशय बॅटरीवर. फक्त बॅटरीवर चालत असेल तर अ‍ॅडॅप्टर नाहीतर जॅक, म्हणजे पिन बसते ते लॅपटॉपचं भोक. पिन हलवली की चालू-बंद होत असेल आणि केबल ठीक असेल, तर बहुधा जॅकचा सांधा बोर्डावरून सुटत आलाय. तिथे कागदाची घडी खोचून दिवस ढकलू नका. सैल सांध्यात ठिणग्या पडून बोर्ड जळतं, आणि मग नुसता जॅक बदलून भागत नाही.