तीन बोटांचं माप

गेल्या रविवारी ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या घरी, बैठक बसली होती. माझ्या मावसभावाची मुलगी गणितात एम.एस्सी. झाली. तिला पुढे पीएचडी करायची आहे, आणि तिचं मन वळवायला घरची सगळी मोठी माणसं जमली होती. मलाही व्हिडिओ कॉलवर घेतलं. मी इकडे कोपनहेगनमध्ये नेट्टो सुपरमार्केटमधून येऊन पिशव्या रिकाम्या करत होते, फोन मिक्सरला टेकवून ठेवला होता. भाऊकाकांनी फार वेळ लावला नाही. "पीएचडी करून ही काय दिवे लावणार?" ते म्हणाले, आणि चार-पाच माना डोलल्या.

वाक्य काकांचं स्वतःचं नाही. डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात, सारथी या सरकारी संस्थेच्या फेलोशिपवर विधान परिषदेत चर्चा चालू असताना, सरकारमधल्या एका मोठ्या नेत्याने ते उच्चारलं होतं. तेव्हा बरीच ओरड झाली, मग लोक आपापल्या कामाला लागले, पण वाक्य घराघरांत राहून गेलं. पोरीला पुढे शिकू द्यायचं नसेल त्याला ते आता आयतं सापडतं.

त्या दिवशी मला फोनवर धड बोलता आलं नाही. आवाज चढला, आईने विषय बदलला. तेव्हापासून सायकलवरून कामाला जाता-येता मी मनातल्या मनात काकांशी भांडते आहे.

काकांचं म्हणणं असं. गणितात आता शोधायचं काय उरलंय? मानसशास्त्राला शास्त्र म्हणणंच चूक. शेजारच्या विंगमधला मुलगा 'कम्युनिकेशन'मध्ये पीएचडी करतोय, म्हणजे नेमकं काय करतोय ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही. माझ्याबद्दल म्हणाले, "ही तिकडे दातांवर संशोधन करते. दात बत्तीसच, त्यात कसलं संशोधन?" आणि शेवटी, हे सगळं पगारवाढीसाठी असतं, एकमेकांचं उतरवून काढतात, एका पेपरवर पाच-पाच नावं असतात.

या शेवटच्या मुद्द्याकडे मी नंतर येते. त्याच्याकडे यायला मला वेळ लागतो.

काका, गेल्या वर्षी तुम्ही गोखले रोडवर खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवून घेतलेत. आधी थ्रीडी स्कॅन काढायला लावला, तो तुम्ही मला पाठवलात, "नस वाचेल ना?" म्हणून विचारलंत. ते यंत्र तुमच्या डोक्याभोवती फेरी मारतं आणि शेकडो सपाट चित्रं घेतं. त्या सपाट सावल्यांवरून आतलं हाड परत उभं करायचं, त्याची जाडी आणि नसेची वाट मिलिमीटरमध्ये सांगायची, हे यंत्राचं काम नाही, गणिताचं आहे. योहान राडॉन या ऑस्ट्रियन गणितज्ञाने ते 1917 साली मांडलं. माणसावर पहिला सीटी स्कॅन झाला 1971 साली, म्हणजे 54 वर्षांनी. सीटीसाठी 1979 चं नोबेल ज्या दोघांना मिळालं त्यांतल्या कॉर्मॅकनी तर राडॉनचं काम माहीत नसताना तेच गणित स्वतः पुन्हा बसवलं होतं. उलट भौतिकशास्त्राला कधीकधी जेमतेम दोन महिने पुरतात. रॉन्टगेनना क्ष-किरण सापडले नोव्हेंबर 1895 मध्ये. जानेवारी 1896 मध्ये ऑटो वॉल्कहॉफ या जर्मन दंतवैद्याने 25 मिनिटं निश्चल राहून स्वतःच्या दातांचं चित्र काढलं. एकाला 54 वर्षं, दुसऱ्याला दोन महिने, आणि तुमच्या तोंडात दोन्ही एकाच दुपारी कामाला आले. तुमची नस वाचली.

आता कम्युनिकेशन आणि बत्तीस दातांचं. ही गोष्ट मला नीट सांगायची आहे, कारण ती आपली आहे आणि आपल्याच लोकांना माहीत नाही.

सहावीत आपण सगळ्या पोरांना ज्यांच्या नावाच्या बालवैज्ञानिक परीक्षेला बसवतो, त्या होमी भाभांनी 1945 साली टाटा मूलभूत संशोधन संस्था काढली, आज मुंबईत कुलाब्याला आहे ती. विश्वकिरण, अणुभौतिकी आणि शुद्ध गणित यांची ही संस्था. पण तिथे एक दंतसंशोधन विभागही होता, बेसिक डेंटल रिसर्च युनिट. फली मेहता त्याचे प्रमुख. त्यांच्याबरोबर संख्याशास्त्र सांभाळणारे प्रकाश गुप्ता, आणि माझ्या या गावातले, कोपनहेगनच्या दंतविद्यालयातले प्राध्यापक येन्स पिंडबॉर्ग. या लोकांनी देशातल्या पाच जिल्ह्यांत घरोघर जाऊन माणसांना तोंड उघडायला लावलं. 1969 साली त्यांनी 50,915 गावकऱ्यांच्या तोंडांचा हिशेब छापला. 1972 साली एकट्या महाराष्ट्रातल्या 1,01,761 गावकऱ्यांचा. मशेरी, विडी, तंबाखू-चुना, कोण काय घेतं आणि कुणाच्या तोंडात काय झालंय, माणसागणिक नोंद.

त्यांनी पुढे जे केलं ते मला जास्त मोठं वाटतं. एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या जिल्ह्यांतले 36,000 तंबाखू खाणारे-ओढणारे निवडले आणि त्यांची सवय सुटते का हे पाहिलं. एकेकाशी समोर बसून बोलले, शिवाय फिल्म, रेडिओ, वर्तमानपत्र. वर्षामागून वर्षं पुन्हा त्याच दारात. 1986 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. समजावलेल्या लोकांत तंबाखू सोडणारे वाढले, एर्नाकुलममध्ये पुढे कर्करोगात बदलू शकणारे तोंडातले पांढरे चट्टेही कमी झाले. सवय सुटणं हा मानसशास्त्राचा भाग, कोणतं वाक्य कुणाच्या मनाला भिडतं हा कम्युनिकेशनचा, तोंड तपासणं दंतवैद्यकाचं, आणि बदल खरा की योगायोग हे ठरवणं गणिताचं. आणि हे सगळं भौतिकशास्त्राच्या छपराखाली. गुप्ता नंतर नवी मुंबईत बेलापूरला सार्वजनिक आरोग्याची संस्था काढून याच विषयावर काम करत राहिले. तुमच्या घरापासून ठाणे-नेरुळ लोकलच्या अंतरावर, काका.

महाराष्ट्रात जुलै 2012 मध्ये गुटखाबंदी आली. एप्रिल 2016 पासून तंबाखूच्या पुडीवर 85 टक्के जागा चित्रमय इशाऱ्याला द्यावी लागते. देशातल्या प्रौढांमधलं तंबाखूचं प्रमाण 2009-10 मध्ये 34.6 टक्के होतं, ते 2016-17 मध्ये 28.6 वर आलं. सगळं श्रेय एका अभ्यासाला देता येत नाही, पण ही वाट कुणीतरी चालून पाडली होती.

रविवारी मी हे बोलले असते तर बरं झालं असतं. त्याऐवजी मी डेन्मार्कचं पुराण लावलं. इकडे पीएचडी म्हणजे नोकरी असते, मला पहिल्या महिन्यापासून पगार होता, पेन्शन जमा होत होती, फेरियेपेंगे, म्हणजे सुट्टीचे पैसे, मिळत होते. इकडे कुणी दिवे-बिवे विचारत नाही. मी जिथे काम करते त्या विद्यापीठाच्या पानुम इमारतीपासून ब्लायडम्सवाय रस्त्यावर पाच मिनिटं चाललं की भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांची संस्था, 1921 पासून तशीच, आणि तिथल्या माणसाला कुणी "उपयोग काय" म्हणत नाही. असं सगळं मी तावातावाने सांगितलं.

ते पूर्ण खरं नाही. पैशाचं खरं आहे. डेन्मार्क आपल्या उत्पन्नाच्या जवळपास 3 टक्के संशोधनावर घालतो आणि भारत 0.64, या आकड्यांना उत्तर नाही. पण 2003 च्या सुमारास इथल्या सरकारचीच घोषणा होती, 'संशोधनापासून बिलापर्यंत'. म्हणजे काकांचाच प्रश्न, फक्त सुटाबुटातला. तो आजही प्रत्येक अनुदानाच्या अर्जात एक रकाना होऊन बसलेला असतो आणि मी तो निमूटपणे भरते. तिथे माझा आवाज चढत नाही.

मानसशास्त्राबद्दल मात्र काकांना मी बरोबर उत्तर दिलं होतं. 2015 साली त्या विषयातल्याच लोकांनी आपल्या नियतकालिकांतले 100 अभ्यास निवडून पुन्हा करून पाहिले. साधारण 36 टक्क्यांतच पहिल्यासारखा ठोस निकाल आला. त्यांनी ते लपवलं नाही, जगापुढे ठेवलं. ज्या विषयाला तुम्ही शास्त्र म्हणत नाही त्याने स्वतःची झडती स्वतः घेतली. हे मी अभिमानाने सांगितलं, आणि सांगता सांगता घसा कोरडा पडला.

बैठक संपल्यावर रात्री त्या मुलीचा फोन आला. तिने आभार मानले. बैठकीत राहून गेलेली ती दंतसंशोधनाची गोष्ट मी तिला सांगितली. ऐकून जरा थांबून तिने विचारलं, "आत्या, इतकं सगळं बेलापूर-कुलाब्याला होतं, तर तू का गेलीस?"

मी म्हटलं, तेव्हा संधी आली. तिने पुढे विचारलं नाही. खरं उत्तर मी आजवर कुणालाच दिलेलं नाही.

एमडीएसला, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाला, मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजात होते. रोज सकाळी ठाण्याच्या दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून नेरुळ लोकल. माझा प्रबंध तोंड न उघडण्याच्या आजारावर होता. सुपारीने गालाच्या आतली कातडी पांढरी, ताठ होत जाते, तिखट सोसत नाही, आणि हळूहळू जबडा मिटतो. 1953 साली मुंबईच्याच जोशी नावाच्या डॉक्टरांनी त्याला सबम्युकस फायब्रोसिस हे नाव दिलं. ओपीडीत पहिली परीक्षा सोपी असते. पेशंटला त्याचीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायला सांगायचं. निरोगी माणसाची जातात. माझ्याकडे येणाऱ्यांची दोन जायची, कधी एक. तुर्भ्याच्या मार्केटमधले माथाडी, रबाळ्याचे कारखान्यातले कामगार, रिक्षावाले. एक पोरगा एकोणीस वर्षांचा होता. त्याची तक्रार एवढीच होती, की मित्रांबरोबर पाणीपुरी खाता येत नाही, आख्खी पुरी आत जात नाही.

औषध आणि व्यायाम देऊन सहा महिन्यांनी वरच्या-खालच्या दातांमधलं अंतर व्हर्नियरने पुन्हा मोजायचं, असा अभ्यास होता. पेशंट 60. सहा महिन्यांनी आले 37. बाकीच्यांना मी फोन केले. कुणाचा नंबर बंद, कुणी गावी गेलेला, कुणी म्हणाला मॅडम, खाडा पडतो. गाईडना सांगितलं. ते रागावले नाहीत, उलट प्रेमाने म्हणाले, "हे सगळ्यांचंच होतं. ट्रेंड दिसतोय ना? त्याप्रमाणे भरून टाक." मी एका रात्रीत 23 आकडे भरले. घरच्या जेवणाच्या टेबलावर, बाबा बातम्या बघत असताना. फार वाढवले नाहीत, खरे वाटतील इतकेच ठेवले. निकाल चांगला आला. पेपर छापला गेला, त्यावर पाच नावं होती. त्या पेपरच्या जोरावर मला कोपनहेगनला जागा मिळाली.

म्हणून काकांच्या शेवटच्या मुद्द्यावर माझा आवाज चढला. ते शेजारच्या मुलाबद्दल बोलत होते, मला वाटलं माझ्याबद्दल बोलतायत.

इथे आल्यावर मी बरीच वर्षं स्वतःला समजावत आले की दोष व्यवस्थेचा होता. इथे 1968 पासून प्रत्येकाला सीपीआर नंबर, म्हणजे ओळख क्रमांक, आहे, माणूस अभ्यासातून हरवत नाही, आपल्याकडे असं असतं तर मला भरावे लागले नसते. पण श्रीकाकुलमच्या खेड्यात, साठ-सत्तरच्या दशकात, कुणाकडे नंबर नव्हता आणि ते लोक दारोदार परत गेले होते. मला तर लोकलने तुर्भ्यालाच जायचं होतं.

आता मी डॅनिश म्हाताऱ्यांच्या हिरड्यांवर काम करते. काम चांगलं आहे, आकडे स्वच्छ आहेत, साडेअकराला सगळे एकत्र जेवतात आणि मी भाषेची परीक्षा पास होऊनही त्या टेबलावर निम्म्या वेळा गप्प असते. वर्षातून एखाद-दोनदा खालच्या क्लिनिकमधून बोलावणं येतं. भारतातून नाहीतर बांगलादेशातून आलेला कुणी टॅक्सीवाला किंवा हॉटेलातला कामगार खुर्चीत बसलेला असतो आणि इथल्या विद्यार्थ्यांनी असं तोंड पाहिलेलं नसतं. मी हिंदीत म्हणते, "सुपारी कितने साल?" तो माझ्याकडे बघतो आणि त्याचे खांदे सैल पडतात. मग मी त्याला तीन बोटं उभी धरून दाखवते. त्या दहा मिनिटांत त्या इमारतीत माझ्याइतकं कामाचं कुणी नसतं, आणि मला कामाचं बनवणारी प्रत्येक गोष्ट मी त्या 60 जणांकडून शिकलेली असते.

काल रात्री त्या मुलीला मी परत फोन केला आणि हे सगळं सांगितलं, आकड्यांसकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग गणितवालीच ती, तिने विचारलं, "37 वरच हिशेब केला असता तर काय निकाल आला असता?"

मला माहीत नाही. मी तो कधी करून पाहिला नाही.

ओपीडीची निळी वही नौपाड्याच्या घरात माळ्यावर आहे, जुन्या पुस्तकांच्या खोक्यात. त्यात खरी मापं आहेत आणि न आलेल्यांच्या नावापुढे रिकामी जागा. आईला सांगितलंय, ती काढून त्या मुलीकडे दे.